लहान बेडरूममध्ये पाहुण्या मुलासाठी दुसरा पलंग: चाकांवरचा ट्रंडल बेड घरीच कसा बनवायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मुलांना जमिनीवर गादी टाकून झोपवण्यात काहीच वाईट नाही, आपण सगळे तसेच झोपलोय, मे महिन्यात तर ओळीने सात-आठ पोरं. प्रॉब्लेम झोपण्याचा नाहीच, सकाळी ती गादी ठेवायची कुठे हा आहे. जुन्या घरात माळा असायचा, फ्लॅटमध्ये ती गादी गुंडाळून कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे कोंबली जाते आणि मग कपाटाचं दार अर्धंच उघडतं. आठ बाय दहाच्या खोलीत मुलाचा पलंग, स्टडी टेबल आणि कपाट एवढं आलं की संपलं. दुसरा पलंग शक्य नाही, बंक बेडला वर पंखा आडवा येतो. उरते ती पलंगाखालची जागा, जिथे सध्या जुन्या बॅगा, तुटलेली सायकलची टोपली आणि धूळ असते.

ट्रंडल बेड म्हणजे काय, तर चाकं लावलेली उथळ लाकडी पेटी, त्यात गादी, दिवसा पलंगाखाली सरकवायची आणि रात्री ओढायची. रेडिमेड मिळतात, पण ते बहुतेक त्याच कंपनीच्या पलंगासोबत सेटमध्ये येतात, आणि आपल्याकडे चांगला धडधाकट पलंग असताना तो काढून टाकायचा कशाला. ड्रिल मशीन वापरता येत असेल तर दोन सुट्ट्यांत होणारं काम आहे. सुताराकडून करून घेणार असाल तरी हे वाचा, कारण मापं तुम्हीच द्यायची आहेत, आणि या सगळ्या प्रकरणात खरं काम मापाचं आहे, बाकी चार फळ्या आणि स्क्रू.

तुमच्याकडे बॉक्स बेड असेल तर

थांबा. खाली स्टोरेज असलेल्या पलंगाला हे जमत नाही. पुढची फळी कापून आत जागा करता येईल असं वाटतं, पण बऱ्याच बॉक्स बेडमध्ये त्या फळीवरच वरचं वजन उभं असतं. ती कापायची असेल तर आधी सुताराला दाखवा. हे सगळं चार पायांच्या, खाली मोकळ्या पलंगासाठी आहे, लाकडी असो की लोखंडी.

मोजमाप, इथे घाई नको

पहिलं माप उंचीचं. जमिनीपासून पलंगाच्या खालच्या बाजूपर्यंत, पण फक्त बाहेरच्या पाटीपर्यंत मोजून उठू नका, आडवे होऊन टॉर्च घेऊन आत बघा. गादीच्या प्लायला आधार द्यायला मधे आडव्या पट्ट्या असतात त्या कधीकधी बाहेरच्या पाटीपेक्षा खाली आलेल्या असतात, लोखंडी पलंगाला मधोमध अँगल असतो, कुठे बोल्टचं टोक लोंबत असतं. जे सगळ्यात खाली आहे तिथपर्यंतचं माप धरायचं, आणि ते तीन-चार जागी घ्या कारण जमीन सपाट दिसते पण असतेच असं नाही, बाथरूमच्या दिशेने उतार दिलेला असू शकतो.

आता हिशोब. चाकाची एकूण उंची ७ सेंमी, त्यावर लाकूड ३ सेंमी, चार इंची गादी म्हणजे १० सेंमी, चादर आणि पातळ पांघरूण २ सेंमी, आणि वर मोकळी फट दीड सेंमी. झाले साडेतेवीस सेंमी, म्हणजे साधारण सव्वानऊ इंच. तुमच्या पलंगाखाली एवढी मोकळी उंची असेल तर पुढे चला. दोन-अडीच सेंमी कमी पडत असेल तर गादी तीन इंची घ्या, लहान मुलाला ती चालते. त्याहून कमी असेल तर पलंगच उचलावा लागेल, पण पायाखाली विटा ठेवू नका प्लीज, मुलं पलंगावर उड्या मारतात आणि वीट सरकते. पायाच्याच मापाचे लाकडी ठोकळे खालून गोंद आणि स्क्रूने पक्के करा, दोन इंचांच्या वर जाऊ नका.

दुसरं माप लांबीचं. डोक्याकडच्या पायापासून पायथ्याकडच्या पायापर्यंत आतल्या आत किती जागा आहे ते. इथे गंमत होते. पलंग ७२ इंची गादीचा आहे म्हणून खालीही ७२ इंची गादी जाईल असं आपण धरतो, पण पलंगाचे पायच दोन्हीकडून दोन-तीन इंच खातात, वर ट्रंडलच्या फळ्यांची जाडी. साधारण ७८ बाय ३६ इंचाच्या गादीचा पलंग असेल तर खाली ७२ बाय ३० इंचाची गादी बसते. पलंग ७५ किंवा ७२ इंची असेल तर खालची गादी ६६ इंच किंवा त्याहून कमी धरावी लागेल. ६६ इंच म्हणजे साडेपाच फूट, प्रायमरीतल्या मुलाला भरपूर झालं, मामा झोपणार असतील तर पाय बाहेर. फोमच्या दुकानात हव्या त्या मापाचा तुकडा कापून खोळ शिवून देतात, त्यामुळे मापाची गादी कुठून आणू ही काळजी नको. गादी मात्र पेटी बनवायच्या आधी आणा आणि प्रत्यक्ष मोजा. लेबलवर ७२ लिहिलेली गादी खरी ७१ किंवा ७३ भरू शकते.

लांबीच्या बाजूला मधोमध पाय असेल तर एक मोठा ट्रंडल होणार नाही.

तिसरं माप खोलीचं, आणि हे लोक विसरतात. पलंग बाहेरून ९६ सेंमी रुंद, ट्रंडल ८२, म्हणजे पूर्ण ओढल्यावर पावणेदोन मीटरच्या वर जागा गेली. आठ फुटी रुंदीत साधारण ६५ सेंमी उरतात, एक माणूस आरामात जाईल एवढी वाट. पण खोलीचं दार आत उघडत असेल तर ते अडकतं का, रात्री मूल उठून बाथरूमला जाईल तेव्हा वाट आहे का, कपाटाचा खालचा ड्रॉवर उघडतो का, हे जमिनीवर खडूने आयत काढून बघा. एक रात्र जुनं वर्तमानपत्र त्या मापात पसरून ठेवलं तरी कळतं.

सामान काय लागेल

खालची सगळी मापं ७२ बाय ३० इंचाच्या, म्हणजे १८३ बाय ७६ सेंमी गादीची आहेत, तुमची गादी वेगळी असेल तर त्यानुसार बदला.

प्लाय दोन जाडीचा. बाजूच्या फळ्यांना १८ एमएम, गादीच्या खालच्या तळाला १२ एमएम. बीडब्ल्यूआर ग्रेडचा, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा घ्या, साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) नको, कारण आपल्याकडे रोज लादी पुसली जाते आणि कोकणात, मुंबईत चार महिने हवाच ओली असते, आणि ही पेटी जमिनीपासून दोन सेंमीवर राहणार आहे. १८ एमएमचा पूर्ण शीट लागत नाही, ८ बाय २ फुटांच्या तुकड्यात सगळं बसतं, प्लायच्या दुकानात कट पीस मागा. १२ एमएमचा मात्र शीटमधूनच काढावा लागेल, उरलेल्यात पुस्तकांचं शेल्फ होतं. कापून तिथूनच आणा, मोठ्या दुकानांकडे किंवा त्यांच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये कटिंग मशीन असतं, हाताच्या करवतीने दोन मीटर सरळ कापणं हे शिक्षा म्हणून ठीक आहे.

दुकानदाराला द्यायची यादी अशी:

१८ एमएम: १८८.६ × १३ सेंमीच्या दोन लांब फळ्या, ७८ × १३ सेंमीच्या दोन आखूड फळ्या, ७८ × ५ सेंमीच्या पाच आडव्या फळ्या, १० × १० सेंमीचे सहा चौकोन चाकांसाठी.

१२ एमएम: १८५ × ७८ सेंमीचा एक तळ.

शिवाय एक बाय एक इंचाची पाइनची पट्टी साधारण पाच मीटर, तळाला कडेने आधार द्यायला. पलंगाच्या पायांमधली मोकळी जागा १९१ सेंमी तरी हवी, म्हणजे दोन्हीकडे एकेक सेंमी फट राहील. एकेक सेंमी कंजूषपणा वाटला तरी जास्त ठेवा, कमी नको, पेटी जरा तिरकी ओढली गेली की पायाला घासते.

चाकं. पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका. दोन इंची चाक, पट्टीसकट एकूण उंची ६.५ ते ७ सेंमी, सहा नग, सगळी एकाच दिशेला धावणारी फिक्स्ड. गोल फिरणारी चाकं भारी वाटतात पण ट्रंडलला ती त्रास देतात, ओढताना पेटी सरळ येते आणि ढकलताना चाकं उलटी फिरताना पेटी बाजूला सरकून पलंगाच्या पायात अडकते. फिक्स्ड चाकं असली की पेटी फक्त आत आणि बाहेर जाते, आपल्याला तेवढंच हवंय. मटेरियल पीयू (पॉलीयुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) किंवा राखाडी रबर बघा. कडक नायलॉनचं चाक टाइलच्या सांध्यांवरून खडखडतं, रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावरचे काका वर येतील, आणि काळं रबर फिकट टाइलवर रेघा सोडतं. एका चाकाची क्षमता ४० किलो तरी हवी. पेटी आणि गादी मिळून तीस-पस्तीस किलो, मूल तीस, आणि गोष्ट सांगायला कडेला बसलेला बाबा ऐंशी, म्हणजे १४५ झाले. सहा चाकं असली तरी लादी अगदी सपाट नसते, एक-दोन चाकं अधांतरी राहतात, म्हणून हिशोब चारांवरच करायचा.

बाकी फुटकळ: ६ एमएमचे चपट्या डोक्याचे बोल्ट ४५ एमएम लांबीचे चोवीस, प्रत्येकाला वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला), ५० एमएमचे आणि ३० एमएमचे लाकडाचे स्क्रू, पाण्याला टिकणारा फेविकॉल, ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर, दोन रबरी बफर.

जोडणी

चारही बाजूच्या फळ्यांवर आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून ६.२ सेंमीवर पेन्सिलने सरळ रेघ मारा. ही रेघ सगळ्यात महत्त्वाची. तळाचा प्लाय या रेघेच्या वर बसणार, सव्वा सेंमीच्या आसपास तो जाणार, आणि वर ५ सेंमीची कड उरणार जी गादीला धरून ठेवते. आधाराच्या सगळ्या पट्ट्या आणि आडव्या फळ्या या रेघेच्या खाली.

आधी पाइनच्या पट्ट्या. दोन्ही लांब फळ्यांना रेघेखाली फेविकॉल आणि ३० एमएमच्या स्क्रूने लावा, पण सलग नको. दोन्ही टोकांना आणि मधोमध जिथे चाकाचा चौकोन येणार आणि जिथे आडव्या फळ्या टेकणार तिथे जागा मोकळी सोडा. आखूड फळ्यांनाही तसंच, कोपरे सोडून.

मग चौकट. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या आत येतात, बाहेर नाही. प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा असेल तर आधी ३ एमएमच्या बिटने भोक पाडायचं, हे टाळलंत तर प्लायचे थर फाकतात आणि एकदा फाकले की तो कोपरा कायमचा कमजोर. प्रत्येक कोपऱ्याला तीन स्क्रू ५० एमएमचे, मधे फेविकॉल. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघा, आणि त्याहून सोपं म्हणजे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले पाहिजेत, या मापात साधारण २०५.५ सेंमी. एक कर्ण मोठा असेल तर त्याच्या दोन टोकांना धरून दाबा, चौकट सरळ होते. पेटी तिरकी राहिली तर चाकंही तिरकी लागतात आणि मग ती कधीच सरळ जाणार नाही.

पाच आडव्या फळ्या उभ्या कडेवर, वरची कड रेघेला लावून, साधारण दर ३० सेंमीवर बसवा, तिसरी बरोबर मधोमध. बाहेरून प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. बारा एमएमचा तळ नुसता ठेवला असता तर मधे झोळी झाली असती, या फळ्यांमुळे तो ताठ राहतो.

तळाच्या प्लायला लावण्याआधी भोकं पाडा. तीन-साडेतीन सेंमी व्यासाची, होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत), आडव्या फळ्यांच्या आणि चाकांच्या जागा सोडून, प्रत्येक खणात पाच-सहा. पावसाळ्यात पलंगाखाली अंधारात बंद राहिलेल्या गादीला खालून बुरशी येते. मुलाच्या अंगाची वाफ गादीत असतेच, तिला जायला वाट हवी. भोकांच्या कडा पेपरने घासून घ्या नाहीतर खोळ फाटेल.

तळ ठेवा, फेविकॉल आणि ३० एमएमच्या स्क्रूने पट्ट्यांना आणि आडव्या फळ्यांना पक्का करा, स्क्रूची डोकी आत बुडवा. आता पेटी उलटी करा, इथे दुसरा माणूस लागतो.

चाकांचे चौकोन: चार कोपऱ्यांत, दोन मधल्या फळीला चिकटून. लांब फळीला अगदी खेटून बसवा. चाकं जितकी कडेला तितकं बरं, आत घेतली तर कोणी कडेवर बसलं की दुसरी बाजू उचलते. चौकोन फेविकॉलने चिकटवून त्यावर चाक ठेवा, आणि आता दिशा बघा: पेटी लांब बाजूने ओढायची आहे, म्हणजे चाकं आखूड फळीला समांतर धावली पाहिजेत. गुण्या लावून प्रत्येक चाकाची पट्टी सरळ आहे ना बघा, मग भोकं मारा. बोल्ट गादीच्या बाजूने खाली घालायचा, डोकं तळात बुडलेलं आणि नट चाकाच्या बाजूला. नुसत्या स्क्रूवर चाक लावू नका, ओढाताणीत ते काही महिन्यांत सैल होतात. तुमचं चाक ७ ऐवजी ६.५ सेंमी निघालं तर काही बिघडत नाही, बाजूची फळी जमिनीपासून दोनऐवजी दीड सेंमीवर येईल, एवढंच.

हँडल म्हणून पुढच्या फळीत दोन हातखाचा कापा, प्रत्येकी दहा-बारा सेंमी लांब, फळीच्या वरच्या कडेलाच अर्धगोल. बाहेर आलेलं हँडल दिसायला छान, पण अंधारात अंगठा त्यावरच आपटतो. मागच्या फळीला दोन रबरी बफर, म्हणजे स्कर्टिंगच्या टाइलचा टवका उडणार नाही.

रंग आणि फिनिश

चारही बाहेरचे कोपरे आणि वरच्या सगळ्या कडा गोल घासा, हाताने फिरवून बघा, कुठे कुसळ लागता कामा नये. पेटीला खालून, म्हणजे जमिनीकडच्या कडांना प्रायमरचे दोन हात जास्त द्या. पुसायच्या फडक्याचं पाणी तिथूनच शिरतं आणि प्लाय तिथूनच फुगतो. वरून पाण्यात मिसळणारा इनॅमल किंवा पीयू, ऑइल पेंटचा वास मुलाच्या खोलीत बरेच दिवस राहतो. कुठलाही रंग असो, पेटी बाल्कनीत वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा, प्लायच्या चिकट द्रव्याचाही वास असतो, तोही उडून जातो. पुढच्या फळीला पलंगाच्या रंगाचा सनमायका लावला तर आत सरकवल्यावर ड्रॉवरच वाटतो.

याहून सोपं हवं असेल तर

रिनोव्हेशनमध्ये निघालेलं जुनं भरीव फ्लश डोअर मिळतंय का बघा, ३० एमएम जाडीचं. बिल्डिंगमध्ये कोणाकडे काम चालू असेल तर वॉचमनला सांगून ठेवा. तेच तळ म्हणून वापरायचं, खाली सहा चाकं थेट बोल्टने, कडेला प्लायच्या पट्ट्या मारल्या की झाला ट्रंडल. उंचीचा हिशोबही तोच, ७ अधिक ३. दाराची रुंदी गादीपेक्षा थोडी जास्त हवी, आणि कुंडी-कुलपाची भोकं गादीखाली बुजवून टाका. पोकळ किंवा पीव्हीसीचं दार अजिबात नको, बोल्ट सरळ बाहेर येतात.

लाकडात पडायचंच नसेल तर ग्रिलवाल्याकडे जाऊन एक इंची चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घ्या, वर प्लाय. वजनाला जरा जड पण चौकटीला वाळवीचं टेन्शन नाही.

वापरताना

फिक्स्ड चाकांना ब्रेक मिळाला तर पुढच्या दोन चाकांना घ्या, नाही मिळाला तर लाकडाच्या दोन पाचरी करा, खाली जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा, पेटी ओढल्यावर मधल्या चाकांना बाहेरून लावा. मुलांना पेटीवर बसवून ढकलायचं नाही हे पहिल्या दिवशीच सांगा, ऐकणार नाहीत, तरी सांगा. आणि ढकलणं मोठ्यांचं काम, कारण पलंगाच्या पाटीत आणि गादीच्या मधे बोटं सापडतात. ढकलण्याआधी आत कोणी लपलेलं नाही ना तेही बघा, लपाछपीला ही जागा सगळ्यांना आवडते. तान्ह्या बाळाला इथे झोपवू नका, पलंग आणि पेटीच्या मधे फट राहतेच. पलंगाखालून एक्स्टेंशनची वायर जात असेल तर ती आधी भिंतीवर क्लिपने वर घ्या, चाक रोज त्यावरून जाऊन कव्हर कापतं.

उशी आणि जाड रजई आत कोंबू नका, उंची पुरत नाही आणि ओढताना अडकतात, त्या वर मुलाच्या पलंगावरच राहू देत. गादी आठवड्यातून एकदा उभी करून वारा द्या, पावसाळ्यात पंख्याखाली. महिनाभराने पेटी एकदा उलटी करून सगळे नट पुन्हा आवळा, नवीन लाकूड दबतं आणि ते थोडे सैल होतातच. तेव्हाच चाकांच्या दांड्यात अडकलेले केस आणि दोरे जुन्या ब्लेडने कापून काढा, लांब केसांची मुलगी घरात असेल तर हे दर दोन महिन्यांनी करावं लागेल.